आमची वाटचाल: पॉलिश मशीनपासून पुन्हा पॉलिश मशीनपर्यंत

बाबांनी 1988 मध्ये दोन पॉलिश मशिनींवर काम सुरू केलं. तेव्हा नागपुरात महाल असो की धरमपेठ, घरोघरी मोझॅक टाईल्स बसायच्या आणि बसवल्यावर जागेवरच घासाव्या लागायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मशीनमागे पाण्याची बादली घेऊन फिरायचो. पुढे व्हिट्रिफाइड टाईल्स आल्या आणि घासायचं कामच संपलं. 2006 मध्ये मी धंदा हाती घेतला तेव्हा मशिनी ताडपत्रीखाली होत्या. आम्ही जुनी फरशी उखडून, भिंतींची छपाई, म्हणजे प्लॅस्टर, खरवडून नवं बसवून द्यायचो.

पैसा बरा मिळत होता. पण दोन खोल्यांच्या घरातूनही चार-पाच ट्रॉल्या मलबा निघायचा आणि तो रिकाम्या प्लॉटवर किंवा नाल्याकाठी पडायचा. त्यात कितीतरी धडधाकट टाईल्स असायच्या. ते बघून बाबा गप्प व्हायचे.

2014 मध्ये रेशीमबागेतल्या एका काकूंचं काम आलं. मुलीच्या ॲडमिशनमुळे त्यांचं बजेट अर्ध्यावर आलं होतं. "भाऊ, फरशी न बदलता काही होईल का?" त्यांनी विचारलं. बाबांनी खाली बसून लाकडी हातोडीनं एकेक टाईल ठोकून पाहिली. पोकळ वाजली तिच्यावर खडूची खूण केली. अशा फक्त अकरा निघाल्या. तेवढ्या बदलल्या, बारीक छिद्रांत पांढऱ्या सिमेंटची लापशी भरली, दोन दिवस ओली ठेवली आणि मग आधी जाड, नंतर बारीक दगडानं घासून शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात दिला. तीस वर्षांची फरशी आरशासारखी झाली. नव्या फरशीच्या निम्म्याहून कमी खर्च आला आणि मलबा दोन पोती. तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही आधी काय ठेवता येईल ते बघतो. सागवानी चौकट तर सहसा काढूच देत नाही. खरवडून तेलपाणी केलं की ती आणखी एक पिढी चालते. घासल्यावर निघणारा गाळ मात्र नालीत सोडू नये, नाली कायमची तुंबते. आम्ही तो टाकीत बसू देतो आणि वाळवून उचलतो.

नागपूरच्या घरांत मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते झरोक्यांचं. फॉल्स सीलिंगच्या हौसेपायी लोक ते बुजवून टाकतात. पण कूलरला बाहेरची कोरडी हवा आत ओढायची असते आणि तेवढीच हवा बाहेर जायला वाट लागते. वाट बंद झाली की खोली दमट होते, कूलर "चालत नाही" आणि मग एसी येतो. आम्ही असे बुजवलेले झरोके पुन्हा उघडून दिलेत, एका दिवसाचं काम आहे. जाळी बसवली की डासांचाही प्रश्न उरत नाही.

गच्चीसाठी सर्वांत स्वस्त उपाय चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडं फेविकॉल घालून दोन हात द्यायचे. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. पांढऱ्या गच्चीवरून ऊन बरंचसं परत फिरतं आणि खालच्या खोलीत रात्री पंख्याची हवा भट्टीसारखी लागत नाही. पावसात हा चुना धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये परत लावावा लागतो. कायमचं हवं असेल तर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाईल्सचे तुकडे. मजुरी लागते, पण माल जवळपास फुकट.

पंख्याचा हिशेब आम्ही ग्राहकासमोर कागदावर मांडतो. साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, 30. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा दिवसाला वीस तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला 27 युनिट वाचतात. नवी भिंत घालायचीच असेल तर राखेच्या विटा घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतली कोळशाची राख आपल्या दारातच आहे, त्या विटांना भट्टी लागत नाही आणि शेताची मातीही जात नाही.

सगळंच वाचवता येतं असं नाही. निम्म्याहून जास्त फरशी पोकळ वाजली किंवा स्लॅबमधली सळई गंजून फुगली असेल, तर आम्ही तोडायलाच सांगतो.

सध्या आमच्याकडे चार मशिनी आहेत. त्यांतली एक बाबांचीच, मोटर नव्यानं भरून घेतलेली. गोदामात चायना मोझॅकसाठी पांढऱ्या टाईल्सचे तुकडे साठवतोय. तुमच्याकडे बाथरूमचं काम निघालं असेल तर असे तुकडे फेकू नका, आमची गाडी येऊन घेऊन जाईल.