तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला ग्रीन टी कडू का होतो?

माझ्याकडे ग्रीन टी प्यायलेलं जवळपास प्रत्येक माणूस विचारतंच, कुठला महागातला आणलास गं, आमचा तर कडूजहर होतो. महागातला नाहीये हो, साधी सुटी पानं आहेत, होती त्यातली सगळ्यात स्वस्त. बिचाऱ्या पानांना उगाच नावं ठेवतात लोक, बहुतेक वेळा घोळ पाण्याचा असतो.

कडू-तुरट चव येते ती कॅटेचिन आणि कॅफिनमुळे, आणि पाणी जितकं गरम तितकी ही दोन्ही भराभर उतरतात. गोडसर चव देणारं थियानिन मात्र कमी गरम पाण्यातही मस्त उतरतं, म्हणून 75 ते 80 अंशांचं पाणी घ्यायचं, उकळतं ओतायचं नाही म्हणजे नाही. थर्मामीटर लागत नाही त्याला, 3 वाट्या उकळत्या पाण्यात 1 वाटी साधं प्यायचं पाणी घाला, 80 च्या आसपास येतं.

आता स्वस्त पानांची खरी गोष्ट, त्यात चुरा फार असतो आणि चुरा झटकन उतरतो, अख्खं पान उघडेपर्यंत त्याने कप कडू करून ठेवलेला असतो. मी आधी पानं गाळणीत घेऊन हलक्या हाताने झटकते, खाली हिरवट पूड पडते ती बाजूला. मग 200 मिली पाण्याला 2 ग्रॅम पानं, पण एकदा तरी वजन करून बघाच कारण चमचा फसवतो, गोळीसारखी वळलेली पानं चमचाभरच पुष्कळ होतात आणि मोकळी मोठी पानं दोन चमचे घेतली तरी कमी पडतात. दीड मिनिटाने चव बघायची, फार तर 2 मिनिटं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्यायचं, पाण्यात राहिलेली पानं उतरतच राहतात. स्ट्राँग हवा असेल तर पानं वाढवा, मिनिटं नकोत!! तीच पानं दुसऱ्यांदाही चालतात, तेव्हा पाणी थोडं जास्त गरम घेतलं तरी हरकत नाही.

डबा घट्ट झाकणाचा, उजेडापासून आणि मसाल्यांपासून लांब, वास लगेच धरतात पानं.

आणि एवढं करूनही एखादं पाकीट कडूच निघालं तर फेकू नका प्लीज, 1 लिटर गार पाण्यात 10 ग्रॅम पानं टाकून रात्री फ्रिजमध्ये ठेवा, 6-8 तासांनी गाळा, त्याच पानांचा गोडसर चहा मिळतो.