दरड पडायच्या आधी सरकार पैसे देतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत गावाला आलेले मुंबईकर हमखास विचारतात, पावसात मुंबईहून फोन येतात तेव्हाही हेच. "वहिनी, घर पडल्यावर सरकार पैसे देतं ते माहितीये, पण पडायच्या आधी काही मिळतं का?" मी पाच वर्षं सरपंच होते, महाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका छोट्या गावात, म्हणून मला विचारतात. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

मिळतात. पण तुमच्या खात्यात नाही, गावाच्या कामाला मिळतात. हे ऐकल्यावर निम्म्या लोकांचा इंटरेस्ट तिथेच संपतो 😄

आता जरा डिटेलमध्ये. माणूस गेला की वारसांना ४ लाख, घर पडलं की पंचनामा आणि मदत, हा झाला प्रतिसाद निधी. त्याच्या शेजारी दुसरा एक डबा आहे, आपत्ती सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्ती यायच्या आधीच धोका कमी करायला ठेवलेले पैसे. (हा शब्द मी ग्रामसभेत वाचला तेव्हा मागून एकाने विचारलं, म्हणजे आता दरड सौम्य पडणार का?) कायद्यात हा निधी २००५ पासून लिहिलेला आहे, पण राज्यांकडे खरे पैसे यायला लागले ते १५व्या वित्त आयोगापासून (केंद्राचे पैसे राज्यांना कसे वाटायचे ते सुचवणारा आयोग). २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांना मिळून ३२,०३१ कोटी ठेवले होते, म्हणजे राज्यांच्या आपत्तीच्या एकूण पैशातला २० टक्के भाग, बाकी ८० टक्के प्रतिसाद निधीत, त्यातले बहुतेक घटना घडून गेल्यावर वाटायला. आपल्यासारख्या राज्यात यात ७५ टक्के केंद्राचे, २५ राज्याचे. आणि आयोगाने स्पष्ट म्हटलंय की हे पैसे गावपातळीवरच्या, लोकांना धरून केलेल्या कामांसाठी आहेत, समुद्राच्या मोठ्या भिंती, नदीचे मोठे तटबंध असली कामं नेहमीच्या योजनांतून करा. म्हणजे आपल्यासारख्या वाड्यांसाठीच हा डबा आहे की! पण वाडीला ते माहीतच नाही.

आमचं सांगते. २२ जुलै २०२१, ज्या दिवशी आमच्याच तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं, त्या रात्री आमच्या वाडीतल्या कुणी डोळ्याला डोळा लावला नाही. पाऊस थांबल्यावर बघितलं तर वरच्या घरांच्या मागे जमिनीला भेग, माझा हात मनगटापर्यंत आत जात होता. लगेच ठराव, "वाडीच्या मागे संरक्षक भिंत बांधणे." सगळ्यांना भिंतच पाहिजे, कारण भिंत दिसते, तिच्यासमोर नारळ फोडता येतो, फोटो काढता येतो. मलाही तेव्हा तेच बरोबर वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग पाहणीला एक भूगर्भवाले साहेब आले. भेग बघितली आणि भिंतीची जागा बघायच्या ऐवजी सरळ वर चढायला लागले, आम्ही धापा टाकत मागे. वरच्या माळावर कुणीतरी जेसीबी लावून काजूसाठी जागा सपाट केलेली, तिथे तळ्यासारखं पाणी साचलेलं. साहेब म्हणाले, हे पाणी पूर्वी कुठून जायचं? आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. शेवटी आमच्या काकी, वय ऐंशीच्या पुढे, त्या वर आल्या नव्हत्या, आम्ही खाली उतरल्यावर ओटीवर बसून म्हणाल्या, अरे तिथे पऱ्या (ओहोळ) होता, रस्ता झाला तेव्हा बुजवला. झालं. पाणी वर मुरत होतं आणि वाडीच्या डोक्यावरची माती फुगत होती. साहेबांनी सांगितलं, भिंत नंतर बघू, आधी वरून चर काढा आणि पाणी आडव्या वाटेने जुन्या पऱ्यात सोडा.

लोक नाराज. चर कसला, चर काय आम्ही पण खणू. शेजारच्या वाडीला भिंत मिळाली ना! हो मिळाली, आणि तिची गोष्ट पण सांगते. मागचं पाणी बाहेर यायला भिंतीत भोकं ठेवतात, वीप होल म्हणतात त्याला, ती ठेकेदाराच्या माणसांनी प्लास्टर करताना चक्क लिंपून टाकली, छान गुळगुळीत दिसावी म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. आता लोक त्या भिंतीच्या भीतीने घरं सोडून शाळेत झोपतात. भिंत झाली तर मोजून भोकं बघा एवढंच सांगते, पाऊस पडताना भोकातून पाणी येत नसेल तर आरडाओरडा करा.

कागदांचं विचारता ना. ग्रामसभेचा ठराव, तारखेसह फोटो, गावनकाशावर खूण, मग तहसील, तिथून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण (अध्यक्ष कलेक्टर), तिथून वर. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, हे सगळं चालत राहतं, वर्ष गेलं तरी आश्चर्य मानू नका. पण आमचा प्रस्ताव अडकला तो ऑफिसात नाही, सातबाऱ्यावर अडकला! चर ज्या जागेतून जाणार तिच्यावर २७ नावं, त्यातली ९ वारलेली, बाकीचे डोंबिवली, नालासोपारा, एक सुरतला, आणि दोन भावांचं पंधरा वर्षं बोलणं नाही. संमतीपत्रावर सह्या गोळा करायला मला सात महिने लागले, शिमग्याला एकाला पालखीसमोरच गाठला. म्हणून मुंबईकरांनो, गावासाठी काय करू असं विचारता ना, सही करा, आणि वारस नोंदी लावून घ्या. वर्गणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

दुसरं, "आमचं गाव धोकादायक यादीत आहे का" हे विचारतात. बघा जरूर, पण यादीत नाव नाही म्हणून गप्प बसू नका. खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली, तीही दरडप्रवण यादीत नव्हती. जमिनीला भेगा, झाडं तिरकी, दरवाजे अचानक घट्ट लागायला लागणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा बंद पडणं, हे यादीच्या आधी आपल्याला दिसतं. फोटो काढा, अर्ज द्या, पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

ठराव शक्यतो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या. १५ ऑगस्टला सगळे घाबरलेले असतात पण डोंगर चढून बघता येत नाही, आणि १ मेला भेगा धुळीने भरलेल्या, कुणाला आठवतही नाही. ऑक्टोबरात माती ओली, भेग ताजी, आणि पुढच्या पावसाच्या आधी आठ महिने हातात.

आणि हा डबा नाही उघडला तर दुसरे आहेत. जिल्हा नियोजन समिती आहे, ग्रामपंचायतीचा अबंधित निधी (कुठल्या एका कामाला न बांधलेला) आहे, चर खोदाईला रोजगार हमी. आमचा चर शेवटी तसाच थोडा इकडून थोडा तिकडून झाला, सौम्यीकरणाची फाईल अजून वर आहे.

चर झाला पण तो साफ करायला कुठलंच अनुदान नाही बरं का. दर मे महिन्यात पाला, माती, एखादा दगड घसरून आलेला असतो. पहिल्या वर्षी चाळीस जण आले, पोरांनी रील केली. यंदा सहा आलो, त्यातले दोघं मुंबईकर, त्यांच्या हाताला फोड आले. काकी ओटीवर बसून मोजत होत्या कोण आलं नाही ते.