एटीएफ घरीच बदलतोय : तीन फेऱ्या आणि मधला एक घोळ

तर मंडळी, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, आणि ते थोडं काढून तेवढंच नवीन भरायचं ही एक फेरी. तिसरी फेरी काल संपली, नखांत अजून लाल आहे, म्हटलं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकू. गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी) ऑटोमॅटिक, पुढची चाकं ओढणारी, आणि गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा निम्मा वैताग तिच्यामुळेच आहे.

सुरुवात झाली थरथरीपासून. मीटरवर ८४,००० च्या आसपास असताना, साठ-पासष्टच्या स्पीडला, पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकवलेला, आणि गाडी दोन-तीन सेकंद अशी थरथरायची की रस्त्यावर बारीक पट्ट्या मारल्यात की काय असं वाटावं. जरा दाबलं की गायब, पाय काढला तरी गायब. आधी टायरवर संशय, बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. मग शोधाशोध केल्यावर लक्षात आलं की हे लॉक-अप क्लचचं लक्षण आहे. कन्व्हर्टरच्या आत इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा एक क्लच असतो, तो ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि थोडा घसरत घसरत पकड घेतो. ते घसरणं गुळगुळीत व्हावं म्हणून ऑइलात फ्रिक्शन मॉडिफायर घातलेले असतात. त्यांचा दम संपत आला की क्लच पकडतो-सोडतो-पकडतो-सोडतो, तीच थरथर. (एके काळी या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे, १९७० च्या दशकात त्यावर बंदी आल्यावर ऑइल बनवणाऱ्यांना पर्याय शोधावे लागले. गिअर गुळगुळीत पडावा म्हणून देवमासा, विचार करा.)

एका मेकॅनिकला विचारलं तर उत्तर आलं, 'साहेब, ते लाइफटाइम ऑइल असतं, हात लावू नका, लावलात तर गिअरबॉक्स जाईल.' आता हे दुसरं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की थोडी भीती मलाही होती. पण नीट विचार केला तर त्यात गंमत अशी आहे की बहुतेक लोक ऑइल बदलायला कधी जातात, तर गिअर स्लिप व्हायला लागल्यावर, म्हणजे क्लचची प्लेट आधीच संपत आलेली असते, मग ऑइल बदलल्यावर महिनाभरात बॉक्स बसतो आणि नाव ऑइलचं होतं. आणि झेडएफ, जे स्वतः गिअरबॉक्स बनवतात, तेच त्यांच्या ऑटोमॅटिकला ८०,००० ते १,२०,००० किमीला किंवा फार तर आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणतात. माझा बॉक्स झेडएफचा नाही, पण आतला क्लच काही वेगळ्या मातीचा नाही. माझं स्लिप काहीच नव्हतं, फक्त थरथर होती, म्हणून ठरवलं.

ऑइल निवडताना एकच गोष्ट बघितली, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन. रंगावर जाऊ नका, बहुतेक एटीएफ लालच असतात, तो नुसता डाय आहे, गळती कुठली ते ओळखता यावं म्हणून. डेक्स्रॉन-६, टोयोटाचं डब्ल्यूएस, एसपी-४ ही सगळी दिसायला भावंडं, पण जाडी आणि मॉडिफायर ज्याचे त्याचे. सीव्हीटी आणि डीसीटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं तर ऑइलच वेगळं, आणि एएमटीवाल्यांनी (क्लच-गिअर मशीन टाकतं ती) इथेच थांबलं तरी चालेल, तुमचा बॉक्स मुळात मॅन्युअलच आहे.

आता गणित. माझ्या बॉक्समध्ये एकूण साधारण ७ लिटर मावतं, पण ड्रेन प्लग उघडला की निघतं फक्त ३ च्या आसपास, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून बसतं. म्हणजे एका फेरीत ४३ टक्के नवीन. दुसरी फेरी केली की ६७ च्या आसपास, तिसरीनंतर ८१. चौथीला ८९, म्हणजे ३ लिटर ओतून आठ टक्केच पदरात पडणार, म्हणून तिसरीला थांबायचं ठरवलं. मशीन लावून एकदम सगळं बदलता येतं, पण कूलरची नळी काढायची माझी तयारी नव्हती आणि घाईही नव्हती.

पहिली फेरी, ८४,२०० किमी

नियम एकच, आणि तो मोठ्या अक्षरात लिहून गॅरेजमध्ये लावा : आधी भरायचा प्लग उघडून बघा, मगच ड्रेनला हात लावा. खालून सगळं ऑइल काढून बसलात आणि वरचा प्लग हललाच नाही तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. माझा वरचा प्लग एअर फिल्टरच्या डब्याखाली, तो डबा काढण्यात पाऊण तास, आणि प्लग असा जाम की पान्याला पाइप लावून लांब केला तेव्हा कुठे 'टक' झालं. तो आवाज ऐकून जो जीव भांड्यात पडला ना.

गाडी चारही बाजूंनी वर, चार जॅक स्टँडवर, आणि लेव्हलमध्ये. नुसतं पुढून उचलून चालणार नाही कारण ऑइल मागे जातं आणि मोजमाप खोटं येतं. मी दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघितलं, पाव तास खाली-वर करण्यात गेला. आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

खालचा प्लग गमतीशीर आहे. बाहेरचा उघडला की कपभर ऑइल येतं आणि थांबतं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, एवढंच? पण आत त्याच भोकात एक प्लास्टिकची उभी नळी बसवलेली असते, ओव्हरफ्लोची. तिच्या वरच्या काठापर्यंत ऑइल असलं की लेव्हल बरोबर. ॲलन की आत घालून ती नळी फिरवून काढली की मग खरी धार लागते, आणि ती सरळ खाली येत नाही, आधी मनगटावरून कोपरापर्यंत येते. गाडी रात्रभर उभी होती म्हणून ऑइल थंड, नाहीतर भाजलंच असतं.

निघालं ३.१ लिटर. रंग काळ्या चहासारखा, जळका वास नाही, बोटांत चोळल्यावर कण लागले नाहीत. दुधाळ गुलाबी असतं तर रेडिएटरमधलं कूलंट आत शिरलंय असं समजून मी तिथेच टो ट्रक बोलावला असता.

ओव्हरफ्लोची नळी परत बसवताना हलक्या हाताने. प्लास्टिक आहे, तिला आवळायचा जोर नावापुरता. मग वरून नरसाळं आणि दीड मीटर नळी लावून ३.१ लिटर आत. थंड काढलं, थंड घातलं, म्हणून माप तेवढंच. गरम काढून थंड घालत असाल तर सांभाळा, ऑइल तापलं की फुगतं, ३ लिटरला ५० डिग्रीचा फरक असेल तर शंभर-सव्वाशे मिली इकडचं तिकडे होतं.

आणि आता घोळ

लेव्हल बघायची पद्धत अशी : इंजिन चालू, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी असा लिव्हर सावकाश फिरवायचा, परत पी, आणि ऑइलचं तापमान ३५ ते ४५ डिग्रीमध्ये असताना इंजिन चालूच ठेवून खालचा प्लग उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की बंद. (आकडे माझ्या मॅन्युअलचे, तुमचे वेगळे असतील.) इंजिन बंद करून उघडलंत तर वर फिरणारं ऑइल पॅनमध्ये उतरलेलं असतं, मग भसाभसा बाहेर येतं आणि तुम्ही नकळत बॉक्स उपाशी ठेवता.

भाचा आत बसला होता, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) जोडलेला मोबाइल त्याच्या हातात, मी खाली. तो ओरडला, 'मामा, ४१ झालं, उघड!' उघडलं, एक थेंब नाही. म्हटलं कमी पडलंय, वर जाऊन आणखी दीडशे मिली घातलं, खाली आलो तर तोवर थेंब सुरू झालेले. खूश. प्लग बंद, हात धुतले, चहा.

रात्री झोपताना डोक्यात किडा वळवळला. इंजिन सुरू करून तीन-चार मिनिटांत गिअरबॉक्सचं ऑइल ४१ ला कसं पोचेल? सकाळी उठून ॲप उघडलं. तो आकडा कूलंटचा होता. गिअरबॉक्सचं तापमान वेगळ्या पानावर, वेगळ्या नावाने, आणि ते आपोआप दिसत नाही, स्वतः जोडून घ्यावं लागतं. म्हणजे मी जेव्हा लेव्हल बघितली तेव्हा एटीएफ पंचवीस-सव्वीसला असणार, आकसलेलं, म्हणून थेंब आला नाही, आणि मी वरून जास्तीचं ओतून बसलो. भाच्याला मी काही बोललो नाही, तोच म्हणाला, 'अरे मामा, पण तूच ते पान उघडून दिलेलंस.' खरं होतं.

परत गाडी वर. परत लेव्हल. या वेळी बरोबर आकडा लावून, ३५ व्हायला चांगली वीस मिनिटं गेली. प्लग उघडला तर जवळजवळ शंभर मिली निघालं आणि मग थेंब. दिसायला कमी वाटतं, पण जास्त ऑइल झालं की फिरणारे भाग त्यात बुडतात, फेस होतो, आणि फेसातून पंपाला प्रेशर मिळत नाही. उलटी चूकही लोक करतात, गाडी फिरवून आणून ९० डिग्रीला लेव्हल बघतात. ७ लिटर ऑइल ४० वरून ९० ला गेलं की पाव लिटरच्या वर फुगतं, ते सगळं ओव्हरफ्लोमधून निघून जातं आणि सकाळी थंड बॉक्समध्ये तेवढंच कमी. सांगायचं म्हणजे प्लग काढणं, ओतणं हे कुणालाही जमेल, खरं काम त्या दहा डिग्रीच्या खिडकीत शांतपणे थांबण्याचं आहे.

थरथर? तशीच. थोडा हिरमुसलो.

दुसरी फेरी, ८५,३०० किमी

हात बसला होता, दोन तासांत आटपलं, म्हणजे आटपलं असतं. ओतताना नळी वरच्या भोकातून सटकली आणि अर्धा कप लाल ऑइल बॉक्सच्या अंगावरून खालच्या सबफ्रेमवर. पुसलं, पण कोपऱ्यात साचलेलं पुढचे चार दिवस थेंब थेंब गळत राहिलं आणि मी रोज सकाळी पुठ्ठा घालून सील गेलं का बघत होतो. आता नळीला भोकापाशी चिकटपट्टीचा जाड वेढा देतो, आणि सांडलेलं मोजता येत नाही म्हणून अंदाजाने थोडं वरचढच ओततो, जास्तीचं ओव्हरफ्लो काढून टाकतो.

ड्रेन प्लगचा वायसर या वेळी नवीन. पहिल्या फेरीला जुनाच चेपलेला वापरला होता, तो किंचित ओलावला होता.

निघालेलं ऑइल आता तपकिरी, उजेडात धरलं तर कडेला लाल झाक. आणि साधारण दोनशे किमीनंतर लक्षात आलं की थरथर येत नाहीये. मुद्दाम पासष्टला धरून चालवली, चढावर, सपाटीवर, एकदाच अगदी पुसट जाणवली.

तिसरी फेरी, ८६,५०० किमी

यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि घरच्या कामात यापेक्षा चांगली बातमी नसते. ३ लिटर निघालं, तेवढं घातलं, ३८ डिग्रीला प्लग उघडला, धार, थेंब, बंद. भाचा आता स्वतःच तापमानाचं नाव दोनदा वाचून दाखवतो.

काल संध्याकाळी साठेक किमी फिरवली, थरथर पूर्ण गेलीय. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना जो आळस होता तो मात्र आहे तसाच आहे, म्हणजे तो ऑइलचा नव्हता.

तिन्ही फेऱ्यांचा नमुना काचेच्या बाटल्यांत ओळीने ठेवलाय, चहा, तपकिरी, आणि तिसरी जवळजवळ डाळिंबी. बाकीचं वापरलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये, रिसायकलिंगला द्यायचंय, गटारात जाणार नाही. पॅन अजून उतरवलेला नाही. माझ्या बॉक्सचा मुख्य फिल्टर आतच आहे, बॉक्स फोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे पॅन काढून हाती लागणार ते फक्त धातूचा चुरा पकडणारे चुंबक. त्यांच्यावर राखाडी मऊ लगदा असेल तर ठीक, धातूचे काप दिसले तर वाईट. ते बघायचं कुतूहल खूप आहे, पण नवीन गॅस्केटने गळायला लागलं तर काय, यावर दोन दिवस विचार करतोय. ज्यांनी याच प्रकारच्या बॉक्सचा पॅन घरी काढलाय त्यांनी बोल्ट कुठल्या क्रमाने आवळले ते जरूर लिहा.