कपबोर्ड

शाळेत इंग्रजीच्या तासाला धडा मोठ्याने वाचताना मी 'कपबोर्ड' असं खणखणीत वाचलं आणि अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "कबर्ड म्हण." म्हटलं. पण स्पेलिंगमध्ये धडधडीत कप आहे, बोर्ड आहे, आणि उच्चारात दोन्ही धड नाहीत, हे काही पचलं नाही. कितीतरी वर्षांनी शब्दकोश चाळताना कळलं, की 14व्या शतकात कबर्ड म्हणजे खरोखर कपबोर्डच होतं. पेले मांडून ठेवायची उघडी फळी, किंवा टेबल म्हणा. दारं नंतर लागली. म्हणजे माझं फार चुकलं नव्हतं, फक्त 600 वर्षं उशीर झाला होता.

तेव्हापासून हा 'बोर्ड' दिसला की मी त्याच्याकडे जरा संशयानेच बघतो. मूळचा अर्थ साधा, लाकडाची चपटी फळी. ती पायांवर ठेवली की झालं टेबल. टेबलावर जेवण वाढतात, म्हणून जेवणालाही बोर्डच म्हणू लागले. 'रूम अँड बोर्ड'मधला बोर्ड तो हा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, खोलीत फळा लावून देतात. बोर्डिंगात राहणारी मुलं खरं तर त्या जेवणाच्या फळीवर राहतात. पत्ते खेळणाऱ्याचे हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे असले, की त्याचा व्यवहार 'अबव्ह बोर्ड', म्हणजे सरळ. हात खाली गेले की काहीतरी शिजतंय.

मग त्या टेबलाभोवती माणसं बसली, ठराव करू लागली, आणि लाकडाचं नाव माणसांनाच चिकटलं. कंपनीचा बोर्ड म्हणजे ती माणसं. आपण त्याला मंडळ म्हटलं. मंडळ म्हणजे वर्तुळ. इंग्रजांना मधलं टेबल दिसलं, आपल्याला भोवतीचं कोंडाळं. (बैठका बघता आपला शब्द जास्त खरा वाटतो.) पण मग आठवलं, फळीतून माणसं आपणही काढली आहेतच. 'नेत्यांची दुसरी फळी' म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर लाकूड येतं? बोर्ड आणि फळी यांचं एकमेकांशी काही नातं नाही, तरी दोघंही लाकडापासून निघून माणसांपर्यंत पोचले.

जहाजावरचा बोर्ड मात्र मला सगळ्यांत आवडतो. तिथे बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू. 'ओव्हरबोर्ड' पडायचं म्हणजे ती बाजू ओलांडून थेट पाण्यात. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसे; बाजूला एक मोठं वल्हं असे आणि त्याने दिशा धरत. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून वल्हं उजवीकडे. ती बाजू 'स्टिअर'ची, म्हणून स्टारबोर्ड. ताऱ्यांचा काही संबंध नाही. धक्क्याला लागताना वल्हं चेपू नये म्हणून जहाज डावी बाजू लावायचं. त्या बाजूला म्हणायचे लार्बोर्ड. आता वादळात, वाऱ्याच्या आवाजात, कुणी ओरडून हुकूम दिला तर तो स्टारबोर्ड की लार्बोर्ड, हे कसं कळावं? तरी हा घोळ शतकानुशतकं चालला. अखेर 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लार्बोर्ड रद्द करून 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला. फळी गेली, बंदर आलं.

विमानात चढणं हे अजूनही बोर्डिंगच, आणि प्रवासी अजूनही बहुतेक डावीकडूनच चढतात. ऑफिसात नव्या माणसाचं 'ऑनबोर्डिंग' होतं, हा शब्द मला मनापासून आवडत नाही. जहाजावर घेताना एवढा सोहळा करतात, आणि नोकरी सोडणाऱ्याला ओव्हरबोर्ड झाला असं काही म्हणत नाहीत.

परवा कामाच्या ठिकाणी एकजण म्हणाला, "डॅशबोर्डवर बघा ना, सगळं आहे." पडद्यावर रंगीत चौकोन, आकडे, खाली-वर जाणाऱ्या रेघा. मी बघत होतो, पण डोक्यात घोडा होता. घोडागाडी चिखलातून धावायची तेव्हा टापांनी उडालेला चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येई. तो अडवायला त्याच्या पायांसमोर एक आडवी फळी ठोकत. 'डॅश' म्हणजे ते सपकन उडणं, आणि ते झेलणारी फळी ती डॅशबोर्ड. घोडा गेला, मोटार आली, तरी समोरच्या पट्टीचं नाव तेच राहिलं. तिच्यावर काटे आले, दिवे आले. मग पट्टीही गेली आणि नुसते काटे-दिवे संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसले. त्या दिवशी पडद्यावर तीन चौकोन लाल होते आणि ते कुणामुळे, यावर जोरदार चर्चा चालू होती. आपल्या अंगावर काही उडू नये याची जो तो काळजी घेत होता. जुनी फळी तिचं काम चोख करत होती.

घरी आलो तर स्वयंपाकघरातल्या कपाटाची मधली फळी एका बाजूने निखळलेली. खिळे ठोकून बसवली, हलवून बघितली, आणि सगळे कप पुन्हा ओळीने मांडले. दार मुद्दाम उघडंच ठेवलं. "कपाट उघडं का?" आतून विचारणा झाली. "कपबोर्ड आहे ते," मी म्हणालो. या वेळीही हसलेच.