गॅमा किरण झोतात नेमके निघतात कुठून?

ब्लेझार म्हणजे मध्यावरच्या प्रचंड कृष्णविवराजवळून वेगवान कणांचा झोत सोडणारी दीर्घिका. हा झोत जवळपास थेट आपल्या दिशेने रोखलेला असतो, पण त्यातले गॅमा किरण कुठल्या जागी तयार झाले हे चित्रात दिसत नाही. 100 एमईव्ही (1 एमईव्ही = दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेला फर्मी या अंतराळातल्या गॅमा दुर्बिणीची दिशा सुमारे 5 अंशांनी चुकू शकते. तेवढ्यात पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीने मावतील. म्हणून सगळी भिस्त तेज किती वेळात बदलतं यावर आणि वर्णपटावर, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किरण किती आहेत यावर.

वेळेचा हिशोब असा: किरण निघतात त्या भागाच्या आकाराची कमाल मर्यादा म्हणजे प्रकाशवेग × बदलाचा काळ × डॉप्लर गुणक, भागिले (1 + रेडशिफ्ट). झोत आपल्याकडे वेगाने येतो म्हणून बदल जितक्या पटींनी लवकर दिसतात तो डॉप्लर गुणक; विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप रेडशिफ्ट. पीकेएस 2155-304 या ब्लेझारचं तेज जुलै 2006 मध्ये 200 सेकंदांच्या आसपास पालटत होतं. रेडशिफ्ट 0.116, डॉप्लर गुणक 10 धरला तर मर्यादा येते सुमारे 54 कोटी किलोमीटर. 100 कोटी सूर्यांएवढ्या कृष्णविवराची त्रिज्याच 300 कोटी किलोमीटर असते.

मग पुष्कळजण लिहून मोकळे होतात: आकार लहान, म्हणजे जागा कृष्णविवराला खेटून. हे मला अजिबात पटत नाही. झोताची पूर्ण रुंदी एकदम चमकते असं धरलं तरच ते खरं. वेळेवरून आकार कळतो, अंतर नाही.

अंतरासाठी वर्णपट बघा. कृष्णविवराभोवती साधारण 0.1 प्रकाशवर्षापर्यंत वेगाने फिरणारे वायूचे ढग असतात. त्यांचे 10.2 इलेक्ट्रॉनव्होल्टचे अतिनील फोटॉन 25 जीईव्हीच्या (1 जीईव्ही = 1000 एमईव्ही) वरच्या गॅमा किरणांना गिळतात आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या तयार होतात. आपल्याकडे पोहोचेपर्यंत ही सीमा (1 + रेडशिफ्ट) ने भागली जाते. पीकेएस 1222+21 या दुसऱ्या ब्लेझारचा रेडशिफ्ट 0.432, म्हणजे 18 जीईव्ही. तरीही जून 2010 मध्ये मॅजिक या जमिनीवरच्या गॅमा दुर्बिणींना त्याचे 400 जीईव्हीपर्यंतचे किरण मिळाले, आणि तेज दहाएक मिनिटांत दुप्पट झालं. म्हणजे उगम इवलासा, पण ढगांच्या बाहेर! झोताच्या आतला एखादा छोटा भागच पेटला असणार.

फर्मीचा डेटा सगळ्यांना खुला आहे. मुंबईत भर पावसाळ्यातही काम अडत नाही. मात्र वर्णपट वाकलेला दिसला की लगेच ढगांवर खापर फोडू नका. वाटेतला दीर्घिकांचा पार्श्वप्रकाशही वरच्या ऊर्जेचे किरण खातो. आधी ती वजाबाकी करा. वरच्या टोकाला दोन-चारच फोटॉन असतील, तर प्रत्येक फोटॉन शेजारच्या स्रोताचा नाही ना, याची संभाव्यता काढा. ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीने लडाखात हानलेला उभारलेली 21 मीटरची मेस दुर्बीण 20 जीईव्हीच्या वरच्या किरणांसाठी आहे. ढगांची ही सीमा नेमकी तिथेच लागते, म्हणून या प्रश्नात माझी सगळ्यात जास्त आशा तिच्यावर आहे.