कमी वयात गर्भपिशवी काढायची का? माझा अनुभव

"पिशवीला सूज आहे, काढून टाकू" एवढ्या बोलण्यावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. सूज हे आजाराचं नाव नव्हे. चौतिसाव्या वर्षी मी या फेऱ्यात सापडले, तेव्हा सगळं एका प्रश्नाशी येऊन थांबलं: दुखतंय ते नेमकं कशामुळे? कारण बदललं की इलाजही बदलतो.

ॲडेनोमायोसिसमध्ये पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूच्या भिंतीत शिरतं. पाळीत जीवघेण्या कळा, रक्ताच्या गाठी पडणं, कंबर भरून येणं. इथे पिशवी काढली की तो त्रास संपतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये तसंच अस्तर पिशवीबाहेर, बीजकोशावर किंवा आतड्याजवळ वाढतं. ते तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं मागे उरतं. दोन्ही आजार एकत्रही असतात. फायब्रॉइडचं, म्हणजे पिशवीच्या स्नायूत वाढणाऱ्या साध्या गाठीचं, गणित जागेवर चालतं: पोकळीत आलेली लहान गाठ दुर्बिणीने खालूनच काढता येते, पोटावर चीर लागत नाही.

हे ओळखायला पोटावरून केलेली सोनोग्राफी बऱ्याचदा अपुरी पडते. लग्न झालेल्या बाईने खालून, योनीमार्गातून करायला सांगावं. लाजेपायी पुष्कळजणी नको म्हणतात आणि निदान तिथेच हुकतं. तरी शंका राहिली तर एमआरआय. रिपोर्टमध्ये 'जंक्शनल झोन'ची, म्हणजे अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेवरच्या थराची, जाडी लिहिलेली असते. ती १२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ॲडेनोमायोसिसचा संशय बळावतो. एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके मात्र दोन्हीत सुटू शकतात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खोटं ठरत नाही. सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेने करतात ती रक्ततपासणी) वाढलेलं पाहून घाबरू नका. ते या आजारांत वाढतं, पाळीच्या दिवसांतही वाढतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद न्या: रोजचे पॅड किती, गाठी केवढ्या, दहापैकी किती दुखलं, संडासला जाताना किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का. पाळीत संडासला दुखत असेल तर ते मुद्दाम सांगा. त्यावरून आतड्याजवळच्या आजाराची शंका येते, आणि असं ऑपरेशन सरावाच्या हातांनीच व्हावं.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) तपासून घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्यापासून यावल-रावेरपर्यंतच्या बायकांनी सिकलसेलची तपासणी आधी करून घ्यावी. तो आजार असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या सहसा टाळतात आणि भूल देण्याची तयारीही वेगळी असते. हिमोग्लोबिन सातच असताना ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. शिरेतून लोह देऊन आधी ते दहाच्या वर आणता येतं.

आता पर्याय. मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवल्यावर. कळ चढल्यावर घेतली तर निम्मा फायदा जातो. पाळीची चाहूल लागताच सुरू करायची. रक्तस्रावासाठी ट्रानेक्झामिक ॲसिड, पण आधी कधी रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल तर नाही. हे दोन्ही तेवढ्यापुरते.

डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम रोज एक, खंड न पाडता, ठरलेल्या वेळी. सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग लागतात, आणि इथेच बहुतेकजणी "सोसत नाही" म्हणून सोडून देतात. खरा फरक कळायला तीन महिने द्यावे लागतात. मन उदास राहायला लागलं तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगायचं. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही.

मी हार्मोनची कॉइल निवडली. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. तांबीसारखीच बसवतात, पण काम उलटं: तांबीने अंगावरून जास्त जातं, हिने कमी. तीन ते सहा महिने डाग लागणं ठरलेलंच. पिशवी खूप मोठी असेल तर कॉइल निसटू शकते, म्हणून दोरा तपासायला बोलावतात ती फेरी चुकवू नये. ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने पाळी थांबते, पण हाडं झिजतात. सहसा सहा महिन्यांपलीकडे नेत नाहीत. पिशवीचं अस्तर जाळण्याचा सल्ला मिळाला तर विचारा की ते रक्तस्रावासाठी आहे की दुखण्यासाठी. खोलवरच्या ॲडेनोमायोसिसमध्ये कळा तशाच राहू शकतात.

मूल हवं असेल, किंवा औषधांना पुरेसा वेळ दिलेला नसेल, तर ऑपरेशनची घाई नको. सगळं करून झालं आणि जगणं अवघड झालं, तर पिशवी काढणं हा योग्यच इलाज आहे. वय कमी म्हणून बाईने आयुष्यभर सोसावं, हेही मला पटत नाही.

ऑपरेशन ठरलंच तर संमतीपत्रावर सही करण्याआधी एक अक्षरगट शोधा: बीएसओ. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोशही काढणार. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, हाडांचा आणि हृदयाचा धोका वाढतो, हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागू शकतात. निरोगी बीजकोश ठेवायचे आहेत हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून घ्या. नळ्या काढल्या तर हरकत नसते.

दुसरं मत पहिल्या डॉक्टरांच्या ओळखीतल्याकडे नको. जळगाव, धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्त्रीरोग ओपीडी त्यासाठी बरी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक हिस्टरेक्टॉमी (पिशवी काढण्याचं ऑपरेशन) रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांना लागू करायला लावल्या, त्यामुळे "इतकी का विचारपूस?" असं कुणी म्हटलं तर बिचकू नका. महात्मा फुले योजनेतून होईल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा; रेशनकार्ड, आधार आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत.

तारीख कापूस वेचणीच्या तोंडावर घेऊ नका. सहा आठवडे पाण्याचा हंडा, केळीचा घड, ओलं धुणं काहीच उचलायचं नाही, आणि वेचणी लागल्यावर घरात कुणी तेवढं बसू देत नाही. टाके आतही असतात; बाहेरचे सुकले म्हणून आतले जुळले असं नसतं.

काढलेली पिशवी तपासणीला गेली का, ते घरी सोडतात त्या दिवशीच विचारा. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घ्या आणि बीजकोश ठेवले की काढले, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते आधी लागतं.