झोतांची वर्गवारी: फूटपट्टी बरोबर, लांबी चुकली

या आठवड्यात नवीन काहीच केलं नाही; आधीचंच निस्तरलं. ‘फर्स्ट’ या रेडिओ आकाश-सर्वेक्षणातल्या रेडिओ दीर्घिका (ज्यांच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून दोन बाजूंना झोत सुटतात आणि रेडिओ लहरींत झळकतात) मोजून ‘एफआर-१’ आणि ‘एफआर-२’ असे दोन ढीग केले होते. कृती १९७४ ची, फॅनारॉफ आणि रायली या खगोलशास्त्रज्ञांची (‘एफआर’ त्यांच्याच नावांवरून): दोन बाजूंच्या सर्वांत तेजस्वी ठिपक्यांमधलं अंतर भागिले एकूण लांबी. उत्तर ०.५ पेक्षा कमी आलं तर एफआर-१, जास्त आलं तर एफआर-२.

एकीचं उत्तर ०.८ आलं, मी खुशाल दुसऱ्या ढिगात टाकली. परवा सहज तीच जागा एनव्हीएसएस या दुसऱ्या रेडिओ सर्वेक्षणात उघडली, तर दोन्ही टोकांना फिकट शेपट्या लांबच लांब गेलेल्या! लांबी दुपटीहून जास्त, म्हणजे गुणोत्तर ०.४ च्याही खाली. फर्स्टची नजर ५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), बारकावे छान दिसतात. पण पसरट, मंद प्रकाश तिच्या हातून निसटतो. एनव्हीएसएस ४५ विकलांचं, धूसर, पण पसारा धरून ठेवतं. आता दोन्ही उघडल्याशिवाय ठप्पा मारत नाही.

या शेपट्यांतच तर खरी गंमत आहे. ३सी ३१ या एफआर-१ दीर्घिकेचे झोत कृष्णविवराजवळून जवळपास प्रकाशाच्या वेगाने निघतात, पण दीर्घिकेतच आजूबाजूचा वायू ओढून घेत मंदावतात आणि पुढे धुरासारखे पसरतात. सिग्नस ए या एफआर-२ दीर्घिकेचा झोत मात्र दीर्घिकेबाहेर दूरवर सडपातळच राहतो, टोकाला वायूवर आदळतो. तिथे हॉटस्पॉट, म्हणजे तेजस्वी ठिपका, झळकतो आणि आपटलेला माल मागे फिरून मोठे लोब (फुग्यासारखे पसारे) फुगवतो. हा फरक नुसत्या ताकदीचा म्हणावा, तर दीर्घिका जितकी मोठी तितकी दोन प्रकारांमधली रेडिओ तेजाची सीमारेषा वर सरकते. तेवढ्याच जोराचा झोत मोठ्या दीर्घिकेत अडखळतो, लहानीतून निभावून जातो.

एकच झोत दिसला म्हणून दुसरा नाहीच, असंही समजू नका (मी समजलो होतो). एम८७ या दीर्घिकेत आपल्याकडे येणारा झोत डॉप्लर परिणामामुळे उजळतो, पलीकडचा त्याच कारणाने मंद पडतो.

आता ढिगाबाहेर उरलीय एकच: डावीकडे ठसठशीत हॉटस्पॉट, उजवीकडे नुसता पिसारा. अशा ‘संकरित’ दीर्घिकांपैकी काही म्हणजे तिरप्या कोनातून दिसणाऱ्या, वाकलेल्या एफआर-२ च निघाल्या आहेत. त्यामुळे हिच्यापुढे तूर्त प्रश्नचिन्ह. लोफार या रेडिओ दुर्बिणीची प्रतिमा उतरवून घेतोय.